फोटो सर्वांच्या हाती देणारा बँकेतला कारकून

पायाला कुरूप झाले की औषधाच्या दुकानातून एक छोटी बाटली घरी येते. झाकण उघडताच इथरचा उग्र-गोडसर वास येतो आणि ब्रशने लावलेला थेंब पाहता पाहता वाळून कातडीवर पातळ पापुद्रा धरतो. तो पापुद्रा कोलोडियनचा. इथर आणि अल्कोहोलमध्ये गनकॉटन विरघळवून केलेला हा चिकट द्रव १८४० च्या दशकाअखेरीस डॉक्टरांच्या हाती आला तो जखमा झाकण्यासाठी. १८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी तोच द्रव काचेवर ओतून त्यावर फोटो उमटवण्याची रीत प्रसिद्ध केली आणि पुढची जवळपास तीस वर्षे जगातले बहुतेक फोटो या जखमेच्या औषधावर निघाले. त्याला जोड होती सिल्व्हर नायट्रेटची. जखमेवर वाढलेले फाजील मांस जाळायला आम्ही डॉक्टर तेच वापरत आलो आहोत. फोटोग्राफरचा तंबू म्हणजे फिरता दवाखानाच म्हणायचा, फक्त त्यात विषही असे. काचेवरचे चित्र पक्के करायला आणि बोटांवरचे काळे डाग घालवायला हे लोक पोटॅशियम सायनाइड वापरत, आणि त्यातून अपघाती मृत्यूही घडत.

अशा या वासाच्या, डागांच्या आणि विषाच्या धंद्यात १८७७ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातला एक तेवीस वर्षांचा बँक कारकून हौसेखातर शिरला. त्याचे नाव जॉर्ज ईस्टमन. ज्यांच्या घरी जुने अल्बम आहेत त्यांना त्याचे नाव नसेल, पण त्याने घडवलेला शब्द नक्की ठाऊक असेल: कोडॅक.

जॉर्जचा जन्म १२ जुलै १८५४ चा. योगायोग असा की त्याच वर्षी आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या एतद्देशीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले डॉक्टर, आणि नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. डॉक्टरांनी कॅमेऱ्याच्या मागे लागावे यात तेव्हा कुणाला नवल वाटत नसे. रसायने हाताळायची सवय, स्वच्छतेची शिस्त आणि नीट पाहण्याचा सराव, तिन्ही गोष्टी दोन्हीकडे लागत.

ईस्टमनच्या घरची स्थिती मात्र बेताची. वडील रॉचेस्टरमध्ये व्यापारी शिक्षणाची शाळा चालवत. ते १८६२ मध्ये गेले तेव्हा जॉर्ज आठ वर्षांचाही नव्हता. आईने घरात खोल्या देऊन पाहुणे ठेवले आणि संसार ओढला. दोन मोठ्या बहिणींपैकी केटीला पोलिओ झालेला. ती चाकाच्या खुर्चीवर असे आणि जॉर्ज सोळा वर्षांचा असताना ती वारली. चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्याने विमा कचेरीत आठवड्याला तीन डॉलरवर निरोप्याचे काम धरले, पुढे १८७४ मध्ये तो बँकेत लागला. पैशापैशाचा हिशेब लिहून ठेवायची सवय त्याला याच दिवसांत जडली असावी. शेवटपर्यंत ती सुटली नाही.

बँकेतून सुट्टी काढून कॅरिबियन बेटांवर जायचे त्याच्या मनात होते. कुणीतरी सुचवले की प्रवासाची नोंद म्हणून फोटो काढून आण. सुट्टीचा बेत फिसकटला, पण फोटोचे सामान घेऊन झाले होते आणि गावातल्या एका फोटोग्राफरला पाच डॉलर देऊन धडेही घेऊन झाले होते.

त्या काळी एक फोटो काढणे म्हणजे काय होते, हे थोडे तपशिलाने सांगायला हवे. मोठा लाकडी कॅमेरा, जड तिवई, काचा, काचेची भांडी, बाटल्या, पाण्याचा घडा आणि काळोख करायला तंबू, इतके बिऱ्हाड बरोबर न्यायचे. जागा ठरली की आधी तंबू ठोकायचा. काच इतकी स्वच्छ पुसायची की बोटाचा ठसाही उरता कामा नये. मग तिच्या मध्यावर कोलोडियन ओतून काच हळूहळू चारी कोपऱ्यांकडे कलती करायची. थर सगळीकडे सारखा पसरला पाहिजे, धिरडे घालणाऱ्या बाईचा हात लागावा तसा. थर घट्ट होऊ लागला, पण वाळला नाही, अशा वेळी काळोखात काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश दाखवायचा आणि ओली असतानाच तंबूत पळत येऊन धुवायची. दहा-पंधरा मिनिटांत हे सारे उरकले नाही तर थर वाळला, आणि थर वाळला की फोटो गेला. प्रकाश किती वेळ द्यायचा, हे सांगणारे यंत्र नव्हते. आकाशाकडे पाहून अंदाज बांधायचा.

ईस्टमन हे सारे शिकला. एका सहलीत त्याने सिल्व्हर नायट्रेटची बाटली कपड्यांत नीट गुंडाळून पेटीत ठेवली, ती गळली आणि बहुतेक कपडे काळे पडले. सिल्व्हर नायट्रेटचा डाग काय चीज आहे, हे शस्त्रक्रिया विभागातल्या कुठल्याही परिचारिकेला विचारावे. या कसबाबद्दल त्याला आदर होता, पण त्यात काही पवित्र आहे असे त्याला वाटत नव्हते. घोड्याला पेलेल इतके ओझे एका फोटोसाठी कशाला, एवढाच त्याचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे निम्मे उत्तर एका डॉक्टरने आधीच देऊन ठेवले होते. इंग्लंडचे डॉ. रिचर्ड लीच मॅडॉक्स सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या गोष्टींचे फोटो काढत. त्यांची प्रकृती मुळात नाजूक. बंद खोलीत कोलोडियनमधल्या इथरची वाफ त्यांना सोसेना. म्हणून त्यांनी कोलोडियनच्या जागी दुसरे काही चालते का, याचा शोध घेतला आणि १८७१ मध्ये जिलेटिनवर केलेला प्रयोग छापला. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेला, औषधाच्या कॅप्सूलचे कवच ज्याचे असते तो पदार्थ. जिलेटिनची काच वाळली तरी चाले. महिनोन् महिने आधी करून ठेवता येई. मॅडॉक्स यांनी पेटंट घेतले नाही. ज्या शोधाने पुढे एक प्रचंड उद्योग उभा केला, तो मुळात एका आजारी डॉक्टरने स्वतःचा त्रास टाळायला काढलेला मार्ग होता.

इंग्रजी नियतकालिकांत या कोरड्या काचांची कृती वाचून ईस्टमनने आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग सुरू केले. दिवसा बँक, रात्री चुलीवर जिलेटिन. कित्येकदा तो कपडेही न बदलता तिथेच जमिनीवर झोपे. काचेवर सारखा थर देणारे यंत्र त्याने बनवले, १८७९ मध्ये त्याचे पेटंट लंडनला जाऊन घेतले आणि १८८० मध्ये भाड्याच्या मजल्यावर काचा बनवायला सुरुवात केली. भांडवल दिले हेन्री स्ट्राँग यांनी. त्यांचा धंदा बग्गीचे चाबूक बनवण्याचा, आणि ते ईस्टमनच्याच आईकडे राहायला होते. पुढच्या वर्षी त्याने बँक सोडली.

१८८२ मध्ये घात झाला. काचा आंधळ्या निघू लागल्या. प्रकाश दाखवला तरी काही उमटेना. ईस्टमनने विकलेला खराब माल परत घेतला, बदलून दिला, कारखाना थांबवला आणि कारण शोधत इंग्लंड गाठले. कृतीत चूक नव्हती, दोष नव्याने आलेल्या जिलेटिनमध्ये होता. पण एका जिलेटिनला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही, हे का? याचा उलगडा व्हायला चाळीस वर्षे लागली. १९२० च्या दशकात कोडॅकच्याच प्रयोगशाळेत सॅम्युएल शेपर्ड यांनी दाखवले की चांगल्या जिलेटिनमध्ये गंधकयुक्त द्रव्यांचा अंश असतो, दशलक्षात काही भाग इतका सूक्ष्म, आणि तोच चांदीच्या क्षारांना संवेदनशील बनवतो. हा अंश येतो कुठून? गाईगुरांनी खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या झाडपाल्यातून. फोडणीत तडतडणाऱ्या मोहरीचा जो झणका नाकात जातो, त्याच कुळातले हे द्रव्य. मला विज्ञानाच्या इतिहासात अशा गोष्टी फार आवडतात. शुद्ध केलेले जिलेटिन निकामी आणि गाईने मोहरीचा पाला खाल्ला तर फोटो छान!

काचेनंतर ईस्टमनने कागदाची गुंडाळी आणली. अपेक्षा अशी की काचांचे ओझे गेल्याने व्यावसायिक फोटोग्राफर तिच्यावर उड्या मारतील. त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. कागदाचे रवे चित्रात उतरत आणि काचेची सफाई त्यात नव्हती. ज्यांनी वर्षानुवर्षे हात बसवला होता, त्यांना सोपेपणाचे आकर्षण नव्हते. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते. ईस्टमनने या नकारातून वेगळाच धडा घेतला. कसबी माणसाला नको असेल, तर ज्याला कसब अजिबात नाही त्याला द्यायचे.

१८८८ मध्ये पहिला कोडॅक कॅमेरा आला. चामड्याने मढवलेली छोटी पेटी, किंमत पंचवीस डॉलर, आत शंभर फोटोंची गुंडाळी. डोळा लावायला भिंग नाही, पेटीच्या माथ्यावरच्या रेषांच्या अंदाजाने रोखायची. दोरी ओढायची, कळ दाबायची, किल्ली फिरवायची. संपली गुंडाळी की आख्खी पेटी रॉचेस्टरला पाठवायची. दहा डॉलरमध्ये अडीच इंचांचे गोल फोटो आणि नवी गुंडाळी भरलेला कॅमेरा परत येई. जाहिरातीचे घोषवाक्य ईस्टमननेच लिहिले आणि त्याचा आशय एवढाच होता की कळ दाबणे ग्राहकाचे काम, बाकी सारे आमचे. कोडॅक या शब्दाला अर्थ नव्हता. 'के' हे अक्षर त्याला आवडे, आणि आईचे माहेरचे आडनाव त्याच अक्षराने सुरू होई.

यात एक गोष्ट सहसा नजरेआड होते. कसब नाहीसे झाले नव्हते, त्याने फक्त जागा बदलली होती. कागदावरून नाजूक थर सोलून काढणे, तो पारदर्शक पडद्यावर चढवणे, धुणे, छापणे ही कामे घरी कुणाला जमण्यासारखी नव्हती. ती रॉचेस्टरच्या कारखान्यातल्या काळोख्या खोल्यांत कामगार करत. कळ दाबणाऱ्याला ते हात कधी दिसले नाहीत. १८८९ मध्ये पारदर्शक फिल्म आली आणि पुढे चलच्चित्रेही तिच्यावरच उभी राहिली. या फिल्मच्या श्रेयाबाबत ईस्टमनला मी पूर्ण गुण देणार नाही. हॅनिबल गुडविन या वृद्ध धर्मोपदेशकाने १८८७ मध्येच तशा फिल्मसाठी पेटंटचा अर्ज केला होता. खटला वर्षानुवर्षे चालला आणि गुडविन गेल्यानंतर कोडॅकला ५० लाख डॉलर मोजावे लागले.

मग १९०० मध्ये ब्राउनी आला. एक डॉलरचा पुठ्ठ्याचा कॅमेरा, मुलांसाठी, सहा फोटोंच्या गुंडाळीला पंधरा सेंट. पहिल्याच वर्षी लाखाहून अधिक खपले.

कसबी मंडळी चिडली, हे सांगायला नकोच. 'स्नॅपशॉट' हा शब्दच मुळी शिकारीतला आहे. नेम न धरता घाईने झाडलेली गोळी. जॉन हर्शेल यांनी तो १८६० मध्ये फोटोला लावला आणि कोडॅकनंतर तो शिवीसारखा वापरला जाऊ लागला. लोकांच्या चिडीला दुसरेही कारण होते. अनोळखी माणूस पेटी रोखून केव्हा टिपून नेईल याचा नेम राहिला नाही. १८९० मध्ये अमेरिकेत खासगीपणाच्या हक्कावर जो गाजलेला कायदेविषयक लेख निघाला, त्यात अशा झटपट फोटोंचा उल्लेख आहे. आज वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा रुग्ण चौकटीत घेऊन सेल्फी काढणारे नातेवाईक पाहिले की तो लेख दारावर चिकटवावा असे मनात येते. रुग्णाला विचारल्याशिवाय त्याचा फोटो काढायचा नाही, ही गोष्ट आम्हा डॉक्टरांनाही तितकीच लागू आहे.

विरोधी बाजूचे सर्वांत मोठे नाव म्हणजे आल्फ्रेड स्टिग्लिट्झ. बर्लिनमध्ये रसायनशास्त्राच्या अंगाने छायाचित्रण शिकलेला, फोटो ही चित्रकलेच्या तोडीची कला आहे हे सिद्ध करायला आयुष्य वेचलेला माणूस. कळ दाबली की झाले, या विचाराची त्याला चीड होती. पण १८९३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या हिमवादळातून येणाऱ्या घोडागाडीचा जो फोटो त्याने घेतला, तो हातात धरायच्या छोट्या कॅमेऱ्यानेच. फरक इतकाच की तो त्या वादळात सुमारे तीन तास उभा राहून हव्या त्या क्षणाची वाट पाहत होता, आणि नंतर निगेटिव्हचा हवा तेवढाच भाग घेऊन छापण्यावर त्याने मेहनत घेतली. म्हणजे झगडा पेटीशी नव्हताच. पेटी हातात आल्यावर माणूस किती वेळ थांबतो, हा प्रश्न होता.

आता दवाखान्यातले. मला विचाराल तर रोगनिदानाच्या कामी दोन्ही बाजू खऱ्या आहेत. आम्ही शिकत होतो तेव्हा विशेष रुग्णाचा फोटो हवा असेल तर कॉलेजच्या फोटोग्राफरला बोलवावे लागे. तो पाठीमागे निळे कापड लावी, बाजूला मोजपट्टी ठेवी, प्रकाश दोन्ही बाजूंनी सारखा देई. त्या फोटोत दोन महिन्यांनी व्रण किती मिलिमीटर भरला हे मोजता येई. आता दिवसाकाठी दहा जण मोबाइल पुढे करून पुरळ दाखवतात, आणि त्यातल्या अर्ध्यांत तांबडा धुरळा दिसतो. पिवळ्या बल्बखाली काविळीचे डोळेही कळत नाहीत आणि चेहरा उजळ करणाऱ्या सोयीने पुरळच पुसले जाते. डॉक्टरांना दाखवायला फोटो काढायचाच असेल तर दिवसा खिडकीजवळ काढावा, फ्लॅश बंद ठेवावा, एक दुरून घ्यावा म्हणजे अंगाचा कोणता भाग ते कळेल आणि एक जवळून. शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवली तर आकार समजतो. पुढच्या वेळी त्याच जागी, त्याच प्रकाशात. स्टिग्लिट्झइतके तीन तास नकोत, तीन मिनिटे पुरतात.

पण काही वेळा घाईत टिपलेलेच कामी येते. फिट येणारा मुलगा आमच्यासमोर येतो तेव्हा शांत बसलेला असतो. घरच्यांनी सांगितलेले वर्णन घाबरलेल्या डोळ्यांनी पाहिलेले असते. एकाने मुलाला कुशीवर वळवून सांभाळावे आणि दुसऱ्याने मोबाइलवर अर्धा मिनिट टिपावे. हात कोणता उडतो, मान कुठे वळते, डोळे उघडे की मिटलेले, एवढ्यावरून ती फिट आहे की दुसरे काही, हे ओळखायला मोठी मदत होते. चित्र हलले, अंधारले तरी चालते.

याहून मोलाचे उदाहरण लहान मुलांच्या डोळ्यांचे. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बुबुळाच्या मध्यावर लाल ठिपका दिसतो. तो डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परतलेला प्रकाश असतो आणि तो दिसणे चांगलेच. घरातल्या वेगवेगळ्या फोटोंत एका डोळ्यात तांबडा आणि दुसऱ्यात पांढरट ठिपका वारंवार दिसत असेल तर मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे लगेच न्यावे. कधी कधी तो कॅमेऱ्याच्या कोनाचा खेळ असतो. कधी मोतीबिंदू असतो. आणि कधी रेटिनोब्लास्टोमा हा लहान वयातला डोळ्याचा कर्करोग असतो. तो वेळेत सापडला तर जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही वाचतो. स्टुडिओतला चांगला फोटोग्राफर प्रकाश बाजूने देतो किंवा तो ठिपका नंतर पुसतो. वाढदिवसाचा, केक कापतानाचा, ओबडधोबड फोटो तो तसाच ठेवतो.

ईस्टमनच्या फिल्मचा वैद्यकाशी थेट संबंध १८९६ पासूनचा. रॉन्टगेन यांनी आदल्या वर्षाअखेरीस क्ष-किरण शोधले आणि काही महिन्यांत कोडॅक त्यांच्यासाठी काचा पुरवू लागली. पुढे क्ष-किरणांची फिल्म आली. ही नायट्रेटची फिल्म फार ज्वालाग्राही. शेवटी ती गनकॉटनच्याच घरातली. १५ मे १९२९ रोजी क्लीव्हलँड क्लिनिकच्या तळघरात साठवलेल्या क्ष-किरण फिल्मना आग लागली आणि त्यातून निघालेल्या विषारी वायूंनी सव्वाशेच्या आसपास माणसे मेली. न पेटणारी फिल्म तेव्हा बाजारात आलेली होती, पण जुनी स्वस्त पडे. अशा दुर्घटनेनंतरच रुग्णालयांत ती बदलली गेली.

ईस्टमनने लग्न केले नाही. १९०७ मध्ये आई गेली तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला, देशातल्या श्रीमंतांपैकी एक होता. पैसा त्याने ज्या रीतीने वाटला, त्यात डॉक्टर म्हणून मला सर्वांत जवळचे वाटते ते दातांचे दवाखाने. गरिबांच्या मुलांचे दात वेळीच तपासावेत म्हणून १९१७ मध्ये रॉचेस्टरला पहिला दवाखाना उघडला. नंतर लंडन, रोम, पॅरिस, ब्रुसेल्स, स्टॉकहोम इथे त्याच धर्तीचे निघाले. मोफत उपचारांतला उत्साह कधी अतिरेकालाही गेला. रॉचेस्टरच्या दवाखान्यात १९२० च्या सुमारास मुलांचे टॉन्सिल सरसकट काढण्याची मोहीम झाली, जी आज कुणी करणार नाही. रॉचेस्टर विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय त्याच्या आणि रॉकफेलर यांच्या पैशातून उभे राहिले. त्याचे पहिले अधिष्ठाता जॉर्ज व्हिपल यांना रक्तक्षयावरील संशोधनासाठी १९३४ चे नोबेल मिळाले. एमआयटीला तर त्याने कितीतरी वर्षे स्मिथ या खोट्या नावाने कोट्यवधी डॉलर दिले.

सत्तरीनंतर पाठ दुखू लागली. उभे राहणे कठीण झाले, पाऊल आखूड आणि ओढल्यासारखे पडू लागले. क्ष-किरणांत कमरेच्या भागातली झीज दिसली असेल, पण त्या फिल्मवर हाडे दिसतात, नसा दिसत नाहीत. आजच्या डॉक्टरांना त्याच्या लक्षणांवरून कमरेतली मज्जारज्जूची पोकळी अरुंद झाल्याची, म्हणजे लंबर कॅनल स्टेनोसिसची, शंका येते. मणक्यांच्या मागची ही वाट वयाबरोबर हाडे आणि बंध जाड होऊन चिंचोळी होते आणि आतल्या नसा आवळल्या जातात. थोडे चालले की पाय भरून येतात, बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते. म्हणून असा माणूस बाजारात ढकलगाडीला टेकून मजेत चालतो आणि तिच्याविना शंभर पावलांत थांबतो. या विकाराचे नेमके वर्णन डच शल्यविशारद हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ मध्ये केले. ईस्टमनला ते बावीस वर्षे उशिरा होते. आज एमआरआयने निदान होते. व्यायाम, औषधे आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियेने बहुतेकांचे चालणे सुधारते.

आईनेही शेवटची वर्षे चाकाच्या खुर्चीवर काढली होती, बहिणीने त्याआधी. त्या खुर्चीची भीती त्याच्या मनात किती खोल होती, हे बाहेरून सांगता येणार नाही. १४ मार्च १९३२ रोजी त्याने मित्रांना घरी बोलावून मृत्युपत्रातला बदल सह्यांनिशी पुरा केला, त्यांना निरोप दिला आणि वर जाऊन आयुष्य संपवले. वय सत्त्याहत्तर. काम पुरे झाले असे सांगणारी दोन ओळींची चिठ्ठी मागे होती. तिचे पुष्कळ कौतुक झाले आहे. शांत, हिशेबी माणसाचा हिशेबी शेवट म्हणून. मला ते कौतुक मान्य नाही. सततचे दुखणे, हालचालीवर आलेली बंधने, एकटेपणा आणि आपले काम संपले ही भावना हे वृद्धांतल्या नैराश्याचे नेहमीचे मिश्रण आहे, आणि ते ओळखता येते. त्याच्या भोवती उत्तम डॉक्टर होते, त्याच्याच पैशातून उभे राहिलेले वैद्यकीय महाविद्यालय त्याच गावात होते. पाठ तपासली गेली. मनाची विचारपूस कुणी केली का, हे त्याच्या चरित्रात दिसत नाही.

रॉचेस्टरचा त्याचा वाडा १९४९ पासून छायाचित्रणाचे संग्रहालय आहे. मोठ्या छायाचित्रकारांनी छापलेल्या प्रतींबरोबर तिथे नाव नसलेल्या कुटुंबांचे साधे फोटोही जपून ठेवलेले आहेत.

आपल्या घरात पाठदुखीने वाकलेले कुणी वडीलधारे असेल आणि ते अलीकडे वस्तू वाटून टाकू लागले असतील, आता माझे काही उरले नाही असे वारंवार म्हणत असतील, जेवण-झोप तुटली असेल, तर तो वयाचा भाग समजू नये. त्यांना सरळ विचारावे; विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते, आणि तिथे मराठीत बोलता येते.